मालगाडीचे एंजिन आणि नोंदवही

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ हे श्रीनागनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव. मुंबईहून पुणे, दौंड, कुर्डुवाडी या मार्गाने सोलापूरकडे व तेथून पुढे चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. मोहोळचे स्थानक फारसे मोठे नाही. कित्येक जलद गाड्या तेथे न थांबता धडधडत निघून जातात, आणि त्यांना वाट देण्यासाठी मालगाडी पुष्कळदा बाजूच्या रुळावर उभी राहते. फलाटावरील उतारूंचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तिच्यातून कोणाचे आप्त उतरणार नसतात आणि तिच्यात कोणाला चढायचेही नसते. परंतु अशा वेळी एखादा विद्यार्थी खिशातून लहानशी वही काढतो, एंजिनाच्या अंगावरील पाच आकडी क्रमांक वाचतो, घड्याळाकडे पाहतो आणि दोन ओळी लिहून वही मिटतो. त्याने काय लिहिले, ते कशासाठी लिहिले आणि त्या लिहिण्याचा उपयोग काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी जमवतो, कोणी पक्ष्यांचे निरीक्षण करतो. त्याचप्रमाणे आगगाड्यांचे निरीक्षण करणे हाही एक छंद आहे. जगातील अनेक देशांत आणि आपल्याकडेही हा छंद असलेली माणसे आहेत. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी याच आवडीपोटी लहान आकाराच्या चालत्या आगगाड्यांचे एक संग्रहालय उभारले. ते १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. परंतु सर्वांनाच संग्रहालय उभारता येत नाही. वही, पेन्सिल आणि सावध दृष्टी एवढ्याच साधनांवर हा छंद जोपासता येतो. पक्षिनिरीक्षक ज्याप्रमाणे दुर्मिळ होत चाललेल्या पक्ष्याच्या शोधात राहतो, त्याप्रमाणे आगगाड्यांचा निरीक्षक कमी कमी होत चाललेल्या एंजिनांचा मागोवा घेतो. मोहोळच्या मार्गावर आज असा एक वर्ग आहे. तो म्हणजे मालगाड्या ओढणाऱ्या डिझेल एंजिनांचा ‘डब्ल्यू डी जी ३ ए’ हा वर्ग. ‘शक्ती’ या नावानेही तो ओळखला जातो.

या नावातील अक्षरे गूढ वाटतात. पण त्यांचा अर्थ कळला की एंजिनाची निम्मी ओळख पटते. ‘डब्ल्यू’ हे अक्षर रुंदमापी लोहमार्ग दर्शविते. ‘डी’ म्हणजे डिझेल. ‘जी’ म्हणजे मालवाहतूक. ‘३’ या आकड्यावरून एंजिनाची शक्ती तीन हजार अश्वशक्तीच्या श्रेणीतील आहे असे समजते, आणि शेवटच्या ‘ए’ या अक्षराने तीत आणखी शंभरांची भर पडते. म्हणजे हे एंजिन ३,१०० अश्वशक्तीचे आहे. त्याचे वजन सुमारे १२३ टन असून ते सहा आसांवर तोललेले असते. त्याची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. मालगाडीस याहून अधिक वेगाची गरज नसते. तिला गरज असते ती ओढण्याच्या बळाची. कोळशाने भरलेल्या अठ्ठावन्न वाघिणींच्या गाडीचे वजन साडेचार हजार टनांहून अधिक भरते. अशा गाडीला जागेवरून हलविताना एंजिनाची चाके रुळावर घसरू नयेत, यासाठी या वर्गाची चाके, आस व त्यांना धरणारा सांगाडा यांची रचना मुद्दाम निराळी केलेली आहे. त्यामुळे वजन सर्व आसांवर अधिक सारखे पडते व चाके रुळाला घट्ट धरून राहतात. तरीही गाडी फार जड असली, तर दोन एंजिने एकापुढे एक जोडतात. त्यांच्यात तारांची जोडणी अशी केलेली असते की पुढील एंजिनातील चालक एकटाच दोन्ही एंजिने चालवितो.

या एंजिनाचे घराणे जुने आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी या गावी अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी नावाचा कारखाना होता. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आल्को’ असे म्हणत. १९६२ साली या कंपनीची २,६०० अश्वशक्तीची डिझेल एंजिने भारतात आली. पुढे त्याच धर्तीची एंजिने देशातच तयार व्हावीत म्हणून वाराणसी येथे कारखाना निघाला, आणि १९६४ साली तेथील पहिले एंजिन बाहेर पडले. मूळ अमेरिकन कंपनीने १९६९ साली एंजिने बांधणे बंद केले. परंतु वाराणसीच्या कारखान्याने त्या रचनेत एकामागून एक सुधारणा करीत ती पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली. याच परंपरेत १९९५ साली ‘शक्ती’चा जन्म झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात भारतातील रुंदमापी मार्गावरील वाफेच्या एंजिनाची नित्याची वाहतूक संपली. एका युगाची समाप्ती आणि या एंजिनाचा आरंभ अशा रीतीने एकाच वर्षी झाला.

डिझेल एंजिन चालते कसे, हेही निरीक्षकाने जाणून घेतले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते की मोटारीप्रमाणे त्याचे यंत्र थेट चाकांना फिरविते. वस्तुतः तसे नाही. हे एंजिन म्हणजे चाकांवरील एक वीजघरच आहे. त्याच्या पोटात सोळा नळकांडी असतात. आठ-आठांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे तिरप्या बसविलेल्या असतात. प्रत्येक नळकांड्यातील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा सोडताच तो ठिणगीवाचून पेटतो आणि दट्ट्याला मागे लोटतो. या हालचालीने एक मोठे विद्युत्‌जनित्र फिरते. तेथे निर्माण झालेली वीज तारांवाटे खाली सहा आसांवरील सहा मोटारींकडे जाते, आणि त्या मोटारी चाके फिरवितात.

आता त्या सुप्रसिद्ध काळ्या धुराचे कारण सांगता येईल. यंत्राला अधिक हवा पुरविण्यासाठी एक पंखा बसविलेला असतो. तो यंत्रातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर फिरतो. चालकाच्या हाताशी वेगनियंत्रणाच्या आठ पायऱ्या असतात. थांबलेली गाडी हलविण्यासाठी त्याने एकेक पायरी वाढविली की डिझेल तत्काळ वाढते. परंतु पंख्याला गती घेण्यास काही क्षण लागतात. तेवढ्या अवधीत हवा अपुरी पडते, डिझेल पूर्ण जळत नाही आणि काळ्या धुराचा लोट उसळतो. पंख्याने वेग घेतला की धूर विरळ होतो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो केवळ धूर दिसतो; ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या धुरात एंजिनाचे श्रम दिसतात.

आवाजावरूनही या घराण्याची ओळख पटते. १९९९ साली अमेरिकेतून दुसऱ्या एका घराण्याची चार हजार अश्वशक्तीची डिझेल एंजिने भारतात आली, आणि पुढे तीही वाराणसीत होऊ लागली. त्यांच्या यंत्रातील नळकांड्यांत दट्ट्याच्या दर दोन फेऱ्यांनी डिझेल पेटते. म्हणून त्यांचा आवाज एकसारख्या घुमणाऱ्या गुंजारवासारखा असतो. आल्को घराण्याच्या यंत्रात मात्र ते चार फेऱ्यांनी पेटते. त्यामुळे उभे असताना त्याचा आवाज संथ, जाड आणि किंचित अडखळता असतो. सरावलेला निरीक्षक रात्रीच्या अंधारात, एंजिन दृष्टीस पडण्यापूर्वीच, कोणत्या घराण्याचे एंजिन येत आहे हे सांगू शकतो.

मोहोळच्या परिसराला या एंजिनांचे आकर्षण का वाटावे, हे येथील मालाकडे पाहिले म्हणजे कळते. वाडी व शहाबाद या भागांतील सिमेंट, दूरच्या खाणींतील कोळसा, शेतकऱ्यांसाठी येणारे खत, सोलापूरजवळील पाकणी येथे उतरणारे इंधन, असा नाना प्रकारचा माल या मार्गाने जातो. पुण्याच्या डिझेल शेडमध्ये ‘शक्ती’ वर्गाची अनेक एंजिने होती, आणि त्यांपैकी पुष्कळ या मार्गावर राबत. एके काळी ती इतकी नित्याची होती की त्यांची नोंद ठेवावी असे फारसे कोणाच्या मनातही आले नसेल.

मग ही एंजिने कमी का होत आहेत? याचे उत्तर मोहोळच्या फलाटावर उभे राहून मान वर केली की मिळते. रुळांवर आता विजेच्या तारा आहेत. मुंबई येथे भारतातील पहिली विजेची आगगाडी १९२५ साली धावली, आणि मुंबई-पुणे मार्गावर १९३० पर्यंत विजेची एंजिने धावू लागली. परंतु पुण्यापलीकडे दौंड-सोलापूर हा भाग त्यानंतर कित्येक दशके प्रथम वाफेवर व मग डिझेलवर चालला. अखेरीस तेथेही तारा आल्या. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’ ही विजेवर धावणारी जलद गाडी सुरू झाली, तेव्हा या बदलाची खूण सर्वांनाच पटली.

विजेच्या एंजिनाला आपले वीजघर बरोबर वाहून न्यावे लागत नाही. ते तारेतून वीज घेते. म्हणून त्याच वजनात त्याची शक्ती बरीच अधिक असते. मालगाड्या ओढणाऱ्या एका प्रचलित विद्युत् एंजिनाची शक्ती सहा हजार अश्वशक्तीहून अधिक, म्हणजे ‘शक्ती’च्या जवळजवळ दुप्पट आहे. शिवाय डिझेल ज्यापासून करतात ते खनिज तेल आपल्या देशाला मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावे लागते, आणि डिझेलचा धूर मार्गालगतच्या लोकांना सोसावा लागतो. हे सर्व ध्यानी घेता झालेला बदल योग्यच आहे. जुन्या एंजिनांवर प्रेम करणाऱ्याने नव्या एंजिनांचा द्वेष केला पाहिजे, असे मुळीच नाही. ज्या वाराणसीच्या कारखान्यात ‘शक्ती’ जन्मास आली, त्याचे नाव २०२० साली ‘बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स’ असे झाले, आणि आता तेथे मुख्यतः विजेची एंजिने तयार होतात.

सेवेतून काढलेल्या एंजिनाची गत काय होते? त्यातील उपयोगी भाग काढून घेतले जातात आणि उरलेला सांगाडा मोडीत विकला जातो. फार थोड्यांच्या वाट्याला निराळे भाग्य येते. या वर्गाच्या दोन एंजिनांचे वाराणसीत रूपांतर करून दहा हजार अश्वशक्तीचे एक जोड-विद्युत् एंजिन करण्यात आले, आणि २०१९ साली ते सेवेत आणण्यात आले. याच घराण्यातील दुसऱ्या एका वर्गाची एंजिने भारताने बांगलादेशास दिली. २०२० साली दहा आणि २०२३ साली वीस. अमेरिकेतून १९६२ साली आलेल्या २,६०० अश्वशक्तीच्या एंजिनांपैकी पहिले एंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. परंतु शेकडो एंजिने कोणत्याही संग्रहालयात मावणार नाहीत. त्यांची आठवण राहील ती नोंदींतूनच.

म्हणून नोंद कशी ठेवावी, याला महत्त्व येते. नोंदवहीच्या प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, स्थानक, एंजिनाचा क्रमांक, त्यावर लिहिलेले शेडचे नाव, गाडी कोणत्या दिशेने गेली आणि तिच्यात कोणता माल होता, एवढ्या गोष्टी असाव्यात. ‘शक्ती’ वर्गाचे क्रमांक बहुधा १३ किंवा १४ या आकड्यांनी सुरू होतात. तथापि केवळ क्रमांकावरून वर्ग ठरवू नये. एंजिनाच्या अंगावर वर्गाचे नावही लिहिलेले असते, ते पाहावे.

या कामी पहिला नियम असा की जे दिसले तेच लिहावे. पुष्कळदा सिमेंटची धूळ किंवा काजळी बसून क्रमांकातील एखादा आकडा पुसट झालेला असतो. अशा वेळी तर्काने तो भरून काढण्याचा मोह होतो. मोह आवरून त्या जागी रिकामी रेघ सोडावी. चुकीच्या आकड्याने एक न दिसलेले एंजिन वहीत शिरते आणि दिसलेले एंजिन वहीतून नाहीसे होते. रिकाम्या रेघेने मात्र कोणाचीच फसगत होत नाही.

दुसरा नियम असा की जे आले नाही त्याचीही नोंद करावी. समजा, एखादा विद्यार्थी दर रविवारी सायंकाळी दोन तास फलाटावर बसतो. पहिल्या वर्षी एका महिन्यात त्याला या वर्गाची बारा एंजिने दिसली, दुसऱ्या वर्षी पाच, आणि तिसऱ्या वर्षी एकच. ज्या रविवारी एकही आले नाही, त्या दिवशी त्याने वही उघडलीच नाही, तर पुढे वाचणाऱ्यास वाटेल की तो त्या दिवशी स्थानकावर गेलाच नव्हता. पण ‘पाच ते सात, एकही नाही’ एवढे त्याने लिहिले, तर ती ओळही पुराव्यासारखी उपयोगी पडते.

तिसरा नियम सुरक्षिततेचा. निरीक्षण फलाटावरूनच, फलाटाचे तिकीट काढून आणि काठापासून दूर उभे राहून करावे. रुळांवर उतरणे, उभ्या गाडीखालून जाणे किंवा एंजिनावर चढणे हा गुन्हा तर आहेच, पण प्राणघातकही आहे. विजेच्या तारांखाली उभ्या असलेल्या वाघिणीच्या टपावर चढणाऱ्याला तारेला स्पर्श न होताही विजेचा धक्का बसू शकतो. छायाचित्र काढायचे असल्यास आधी स्थानकप्रमुखांना विचारावे.

अशा नोंदी ठेवून काय मिळते, असा प्रश्न कोणीही करील. त्याचे उत्तर मोहोळपासून थोड्याच अंतरावर सापडते. कुर्डुवाडीहून बार्शीकडे १८९७ साली अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ‘बार्शी लाइट रेल्वे’ धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तिची आखणी केली होती. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तिच्यातून विठोबाच्या दर्शनासाठी प्रवास केला. ती रोजच दिसे. म्हणून ती नेहमीच असणार असे लोकांना वाटे. आता ते रूळ रुंद झाले आहेत आणि ती लहानगी गाडी गेली आहे. तिच्याविषयी सरकारी कागदपत्रे पाहावयास मिळतात. परंतु आषाढीच्या गर्दीत एखाद्या लहान स्थानकावर कोणते एंजिन किती डबे घेऊन किती वाजता आले, हे जर कोणी मुलाने त्या वेळी वहीत लिहून ठेवले असेल, तर ते आज त्या वहीतूनच कळेल. अन्यथा कळणार नाही.

मोहोळच्या लोहमार्गाने अशी तीन युगे पाहिली आहेत. १८६० साली येथे रूळ पोहोचले, तेव्हा मुंबई व पुणे यांना सलग जोडणारा भोर घाटातील मार्गही पुरा झाला नव्हता. तो १८६३ साली झाला. त्या काळी वाफेचे एंजिन हे मोठे नवल होते. पुढे डिझेल हे नवल झाले, आणि आता वीज आली आहे. जे नवे असते त्याचे स्वागत सोहळ्याने होते. त्याची तारीख वर्तमानपत्रांत छापली जाते व छायाचित्रे निघतात. जे जुने असते ते मात्र गाजावाजा न करता जाते. एखाद्या वर्गाचे शेवटचे एंजिन स्थानकावरून निघून जाते, तेव्हा ‘हे शेवटचे’ असे कोणीही सांगत नाही. ते सांगणे त्या दिवशी शक्यही नसते. चालकाला ते ठाऊक नसते, स्थानकप्रमुखांना ठाऊक नसते, आणि वहीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही ठाऊक नसते. तो नेहमीप्रमाणे क्रमांक, वेळ आणि दिशा लिहितो. पुढे कित्येक महिने ‘एकही नाही’ अशा ओळी जमत जातात, आणि मग एके दिवशी पाने मागे उलटताना ध्यानात येते की ती साधी ओळ हीच शेवटची नोंद होती.

ती ओळ नीट लिहिली गेली असेल, तर कित्येक वर्षे सिमेंट, कोळसा आणि धान्य ओढणाऱ्या एका यंत्राचा निरोप कोणीतरी घेतला, असे म्हणता येईल. आणि कोणती ओळ शेवटची ठरेल हे आधी कळत नाही, म्हणून वहीतील प्रत्येकच ओळ तितक्याच काळजीने लिहावी लागते.